परीक्षेचा पेशंट

"शर्ट काढा. बनियनही. भिंतीकडे तोंड करा."

एवढं बोलून डॉक्टरांनी माझी पाठ आठ-दहा विद्यार्थ्यांच्या ताब्यात दिली. नाव विचारलं नाही. माझ्यासमोर फक्त भिंत होती.

"काका, दोन्ही तळवे भिंतीला टेकवा. आता ढकला."

मी ढकललं. उजव्या खांद्यामागचं सपाट हाड, फरा, कातडी ताणत बाहेर उभं राहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, काकांना पंख फुटलाय!"

"एकच फुटलाय," डॉक्टर म्हणाले. "दुसरा फुटू दे, मग उडतील."

मग सगळेच हसले. एक गार बोट काखेपासून खाली माझ्या बरगड्या चाचपत गेलं. दुसऱ्या कुणीतरी बरगड्यांवर स्केचपेननं रेघा ओढल्या. पुन्हा ढकला. आणखी एकदा. मागच्या मुलींना दिसलं नाही, पुन्हा. थट्टा तेवढी मराठीत, आजाराचं सगळं बोलणं इंग्रजीत. अंग माझं, आणि त्याच्याबद्दलचा एकही शब्द मला कळत नव्हता.

मी राहात्याला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण मला सरकारी कागदांनी दिलं. वारसनोंद असो, बांधाचा तंटा असो, अडवलेला रस्ता असो, या तालुक्यातल्या माणसाला साहेबासमोर उभं राहायचं तर शब्द माझे लागतात. माझा अर्ज आला की कारकून तो बाजूला सारत नाहीत. हे मी अभिमानानं सांगतो, कारण ते खरं आहे. कागदांची लोखंडी पेटी मी वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर वाहिली. यंदा तो हात खांद्याच्या वर जाईना. लिहितानाही खांद्यातून जीव गेल्यासारखं होई. हात गेला तर माझ्याजवळ उरतं काय? म्हणून जिल्ह्यातल्या त्या मोठ्या कॉलेजच्या दवाखान्यात गेलो होतो. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं तिथे लिहिलं आहे.

"साहेब, मला झालंय काय?" मी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"ते तुम्हाला कळणार नाही, काका. पण केस सुंदर आहे तुमची. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, तेव्हा यायचं. जेवण देऊ, गाडीभाडं देऊ."

मी शर्टाची बटणं लावत होतो. डॉक्टर वॉर्डातल्या मावशींकडे वळले आणि माझ्या आजाराबद्दल इतका वेळ इंग्रजीतच बोलणाऱ्या त्या माणसाने स्वच्छ मराठीत सांगितलं, "यांना व्यायामाला आत्ताच न्यायचं नाही. परीक्षेपर्यंत फरा असाच दिसला पाहिजे."

माझ्यादेखत. मी तिथे आहे हे त्यांना लपवावंसंही वाटलं नाही.

बाहेर मावशींनी मला जिन्यापाशी गाठलं. त्या मूळच्या पुणतांब्याच्या.

"काका, तुमी येडे हाय का? असाच ठिवला तर हात लुळा पडंल. व्यायामाची खोली खालच्या अंगाला हाय. तुमचं तुमी जा. अन् माझं नाव घिऊ नका, लेकरंबाळं हायेत मला."

त्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला समोर खुर्चीत बसवून, डोळ्यांत बघून सांगितलं. बरगड्यांवरून एक स्नायू निघतो, करवतीच्या दातांसारखा. पाठीमागे जाऊन तो फऱ्याच्या आतल्या कडेला धरतो आणि फरा छातीच्या पिंजऱ्याशी घट्ट ठेवतो. त्याची नस मानेतून उतरते आणि बरगड्यांवरून जवळपास उघडीच खाली जाते. पेटीच्या ओझ्याने तीच दुखावली होती. "ओझं आजपासून बंद, काका. व्यायामही आजच सुरू. जितका उशीर, तितका हात अवघड."

जत्रेसाठी बोकड राखून ठेवतात, तसा माझा हात परीक्षेसाठी राखून ठेवला होता.

इतरांच्या अपमानाला मी आयुष्यभर भाषा दिली. स्वतःची पाळी आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून 'साहेब' म्हणालो. ते 'साहेब' म्हणणं मी त्या जिन्यावरच सोडलं.

परीक्षेच्या दिवशी मी गेलो. नकार घरी बसूनही देता आला असता. पण घरी बसून दिलेला नकार त्यांना दुखला नसता.

दालनात ओळीने खाटा. प्रत्येक खाटेवर एक पेशंट, प्रत्येकाची पाठ किंवा पोट उघडं. बाहेरगावाहून आलेले एक वयस्कर परीक्षक खुर्चीत. माझ्यासमोर आलेला विद्यार्थी तोच, पंखवाला.

"काका, शर्ट काढता ना?"

"नाही."

त्याला घाम फुटला. मला दया आली नाही. डॉक्टर लगबगीने आले.

"काका, लहान मुलासारखं काय करताय? मागे काढला होता की."

"मागे तुम्ही विचारलं नव्हतं. आज मी बोलणार आहे. मला काय झालंय ते सांगा. मराठीत. या पाहुण्या डॉक्टरांसमोर."

"नंतर निवांत सांगतो."

"आत्ता."

परीक्षकांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी सांगितलं. स्नायू, नस, बरगड्या, सगळं. मराठी त्यांना उत्तम येत होती.

"आता व्यायामाला मला का पाठवलं नाही, तेही सांगा."

परीक्षक डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टर माझ्या कानाशी वाकले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"काका, हात जोडतो. या मुलाचं वर्ष जाईल. सांगितलं ना सगळं? आता तरी काढा."

"सांगितलंत. काढणार नाही."

आणि मी उठून, बटणं गळ्यापर्यंत लावून, त्या सगळ्या खाटांमधून चालत बाहेर आलो. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा पोट झाकून उठून बसला होता. तोही माझ्यामागे निघाला.

तक्रार मी स्वतः लिहिली. तीत कुठे 'मेहेरबान' नाही, 'नम्र विनंती' नाही. म्हाताऱ्याचा अंगठा आहे, त्या दालनातल्या आणखी दोन पेशंटांच्या सह्या आहेत. मावशींचं नाव नाही, आणि माझ्या तोंडून ते कधी बाहेर पडणार नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा माणूस माझ्या टेबलाशी आला. "मिटवून घ्या. सर लई मोठे हायेत. उद्या तुमालाच दवाखाना लागंल."

"लागेल तेव्हा बघू. त्यांना म्हणावं, वकील चांगला बघा."

हात आता कानापर्यंत जातो. पूर्वीसारखा होईल की नाही, कुणी सांगत नाही. झाला तरी मी तक्रार मागे घेणार नाही. सुनावणीला डॉक्टरांकडून त्या दिवशीचं एकेक वाक्य मी वदवून घेणार आहे, अधिकाऱ्यांसमोर, कागदावर येईपर्यंत. त्यांची खुर्ची जावो, मान जावो. त्यांनी माफी मागितली तर तीही मी नोंदवून घेईन, पुरावा म्हणून.