फळ्यावरची शेवटची ओळ
मार्करच्या शाईचा वास आला की सक्करदऱ्यातली स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आठवते. एका नोव्हेंबरच्या घडामोडी फळ्यावर लिहायची पाळी माझी होती. निवडणुकीचा निकाल, क्रिकेटची मालिका, नाट्यमहोत्सव सगळं लिहून झाल्यावर मी खाली लिहिलं, ‘जिल्हा कबड्डी: मौद्याच्या मुली विजयी.’ आमच्यातला एक सीनियर म्हणाला, “पूस ते. परीक्षेत नाही येत.” “काहून पुसू? कॅप्टन मी होती,” सामन्यात सुजलेला अंगठा त्याच्यासमोर धरून मी म्हणाले. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो म्हणाला, “मंग कॅप्टनचं नाव बी लिही ना वं!” मी ते आडनावासकट ठसठशीत लिहिलं. आज मी चालू घडामोडी शिकवते, आणि महिनाअखेरीस देशाच्या आधी वर्गातल्या मुलींच्या बातम्या विचारते.