सासऱ्यांच्या आतड्याची चाल

सन त्रेसष्टमध्ये मी नवी सून होते आणि सासऱ्यांशी माझं बोलणं ‘बाबा, चहा ठेवलाय’ एवढंच. इस्राएलमधल्या नेतिवोत गावच्या आमच्या घरात हिब्रू धड यायची ती मला एकटीला. नवरा राखीव सैन्यात हजेरीला गेलेला. त्यामुळे सासऱ्यांचं पोट फुगून दुखायला लागलं, तेव्हा त्यांना बेर्शेब्याच्या इस्पितळात घेऊन जायचं माझ्यावरच आलं. डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला तो शौचाचा. तो सासऱ्यांना मराठीत विचारायचा कसा? ओढून घ्यायला पदरही नाही, अंगात फ्रॉक! शेवटी डोळे मिटून विचारला एकदाचा.

आतडं कुठेतरी अडलंय, अशी डॉक्टरला शंका होती. पोट न फाडता ते बघायची एक सोय होती. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजायचं आणि ते आतड्यातून किती वेळात कुठवर जातं ते एक्सरेवर बघत राहायचं. संध्याकाळपर्यंत मोठ्या आतड्यात पोचलं तर ठीक, नाहीतर सकाळी ऑपरेशन. तोवर तोंडात काही घालायचं नाही. हे ऐकून सासरे म्हणाले, “कापू दे की! आपण काय बायका हाव घाबरायला?” मला असा राग आला, पण नवी सून बोलणार काय!

दुपारपर्यंत तीन-चार फोटो झाले. औषध जठरातून उतरलं आणि पुढे एका जागी बसलं ते बसलंच. एक्सरेच्या खोलीतल्या अंधाराला सरावलेली नजर बिघडू नये म्हणून डॉक्टर व्हरांड्यातही लाल काचांचा चष्मा घालून हिंडत होता. दर फोटोनंतर त्याचा चेहरा जास्तच लांबट दिसायला लागला.

तेवढ्यात बसने सासूबाई येऊन थडकल्या, हातात डबा. त्यांनी आमच्या एलियाहू हानबी या प्रेषिताला मलिदा बोलला होता. नवस फळला की मलिदा करायचा, ही आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची रीत. पण सासूबाईंचा हिशेब वेगळा. “काम झाल्यावर देणारे पुष्कळ. आधीच दिलं म्हणजे नबीलाही भीड पडते.” शेजारच्या पुरुषांना सकाळीच जमवून त्यांनी प्रार्थना म्हणवून घेतली होती.

मी नर्सला पुढच्या फोटोची वेळ विचारायला गेले. परत येते तो डबा अर्धा रिकामा आणि सासऱ्यांच्या मिशीवर खोबरं!

“आई, डॉक्टरने खायला नको म्हटलं होतं ना!”

“अगं, हे खाणं कुठे? हा मलिदा. नाही म्हणता येतं का?”

तेवढ्यात आतून हाक आली. दुभाषी म्हणून मलाही शिशाचा जड एप्रन चढवून अंधाऱ्या खोलीत उभं केलं. हिरवट पडद्यावर त्या औषधाची काळपट रेघ चक्क वळवळत होती, पुढे सरकत होती. डॉक्टर पडद्याला नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, “यांनी काही खाल्लं का?”

खोटं बोलायची सोयच नव्हती. मी सांगितलं, पोहे, गूळ, खोबरं, खजूर. डॉक्टर खो खो हसला. औषध जठरातून उतरल्यावर थोडं खाल्लं की आतडं हलायला लागतं म्हणे. तो स्वतःच आता बिस्किट देऊन बघणार होता. थोड्या वेळाने औषध मोठ्या आतड्यात शिरलं.

“वाट मोकळी आहे. ऑपरेशन नको.”

मी ते मराठीत सांगितलं. डॉक्टरने मला विचारलं, “हे फार घाबरले होते का? भीतीनेही आतडी थबकतात.”

आता हे सासऱ्यांना कसं विचारू? मी आपलं मऊ करून म्हटलं, “बाबा, विचारतायत, मनाला काही घोर होता का?”

सासरे त्या थंडगार टेबलावर तसेच पडून होते. तिथूनच म्हणाले, “सांग त्याला पोरी, लय भ्यालो हुतो. मी गेलो असतो, तर या मुलखात तुझी सासू बोलली असती कोणाशी?”