चारकोपच्या मातीने गिळलेले बूट

सत्तरच्या दशकात मुंबईत चारकोपला नुसतं खाजण होतं, भरतीला खाडीचं पाणी चढणारी दलदल, आणि त्या खाजणाने एकदा मला मांड्यांपर्यंत गिळलं होतं.

मी तेव्हा माती तपासणाऱ्या एका कंपनीत होतो. इमारत उभी राहण्याआधी तिथे खड्डा खणायचा, थराथरातली माती ओळखायची, हे काम. आम्ही दोघं, आणि गमबुटांचा जोड एकच. ज्याच्या पायात बूट, त्याने उतरायचं, असा आमचा कायदा.

त्या दिवशी बूट माझ्या पायात होते. तळाशी फळी टाकून मगच उतरायचं असतं. पण वरचा थर उन्हाने तडकून असा कडक झालेला, की त्यावर हत्ती नाचवला असता. तळही तसाच असणार, असं धरून मी फळीशिवाय उडी मारली. हत्ती राहिला बाजूला, मीच रुतलो. धडपडलो, तसा आणखी आत. दोन्ही कोपरं खड्ड्याच्या भिंतींना टेकलेली, वर रुमालाएवढं आभाळ. भांडुपपर्यंत ऐकू जाईल अशी बोंब ठोकली.

जोडीदार तिथल्याच गावठाणातला, ख्रिस्ती. काठावर उकिडवा बसून म्हणाला, "बोंबलू नको रे. भरती लागलीय. पायाखाली गाळ आहे की चिकणमाती, ते सांग आधी."

"मी मरतोय, आणि तू परीक्षा घेतोस?"

"गाळ असला तर पाय हलवून सुटशील. चिकणमाती असली तर हलून हलून गळ्यापर्यंत जाशील. बोल ना!"

दाणे डोळ्यांना दिसले की वाळू, हे कुणीही सांगेल. दिसत नाहीत तिथे रंग बघून भागत नाही. माती पाण्याशी कशी वागते ते बघावं लागतं. ओला गोळा तळहातावर घेऊन हलवला. गाळ असता तर पाणी वर येऊन चकाकलं असतं. छे! मग तळव्यांत वळला. गाळाची वात लगेच तुटते; ही लांबतच गेली, तुटेचना. बोरिवली स्टेशनापर्यंत वळत नेली असती.

"चिकणमाती!"

"मग हलू नको. पायाच्या कडेने पाणी आत सोडलं की पकड सुटते. तुझ्या डब्याने आणतो."

गेला तो गेलाच. मी हाका मारून दमलो. शेवटी आला, तोंड पुसत.

"एवढा वेळ?"

"डबा रिकामा करायला नको? बोंबील झकास होते हां."

ज्या खाडीच्या पाण्यात बुडायची धास्ती, तेच मी डब्याडब्याने मागत राहिलो. बोटांनी पायालगत वाट करायची, पाणी सोडायचं, केसभर पाय वर घ्यायचा. शेवटी एक पाय सुटला, मग दुसरा. बूट काही सुटले नाहीत. जोडीदाराने सोडलेल्या दोरीला लोंबकळत वर आलो, तोवर भरतीचं पाणी काठावरून खड्ड्यात उतरायला लागलं होतं.

जोडीदार माझ्या अनवाणी पायांकडे बघतच राहिला. "वाट लागली! उद्या मुलुंडला खड्डा आहे. कोण उतरणार?"

"ज्याच्या पायात बूट," मी म्हणालो.