आजींच्या नावाचा रेखांकित चेक

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी म्हैसूरच्या आमच्या पोलीस ठाण्यात आलेलं चेकचं एक प्रकरण मनातून जात नाही.

तक्रारदार सत्तरी ओलांडलेल्या आजी. यजमानांच्या विम्याचा चेक टपालाने यायचा, तो आलाच नाही. विमा कंपनीचं म्हणणं, चेक वटला. चेक रेखांकित होता, म्हणजे रक्कम फक्त आजींच्या खात्यातच जमा व्हायची. चौकशीत कळलं, कुणीतरी दुसऱ्याच बँकेत आजींच्या नावाने खातं उघडून चेक वटवला आणि पैसे काढून घेतले.

बँकेकडून खातेदाराचा फोटो मागवला. अर्जावर जन्मतारीख आजींची, फोटोतला चेहरा जेमतेम तिशीचा. आजींनी तो बराच वेळ पाहिला. मग घरच्या मराठीत म्हणाल्या, "अय्यो, ही आमची वरची भाडेकरीण की, सार. साडीपण माझीच. वरमहालक्ष्मीच्या सणाला मीच दिलेली."

नवराबायकोला ठाण्यात आणलं. नवरा कानांवर हात ठेवत राहिला. त्याला बाहेर बसवून महिला हवालदारासमोर तिला एवढंच विचारलं, "ही साडी कुणाची?" ती रडू लागली. नवऱ्याने टपालपेटीतून पाकीट उचललं होतं, खोटं ओळखपत्र केलं होतं आणि तिला धमकावून सही करायला लावली होती. रक्कम त्याने केव्हाच उडवली होती. तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढून आजींपुढे ठेवलं.

"बेड मा, नको मला. घाल ते," आजी म्हणाल्या.

खातं उघडणाऱ्या बँकेचे मॅनेजर म्हणाले, "आम्ही फक्त चेक वसूल केला, सार. पैसे चोराकडून घ्या."

मी फोटो पुढे सरकवला. "वसूल करणाऱ्या बँकेला कायदा सांभाळून घेतो, पण तिने काळजी घेतली असेल तर. या फोटोत सत्तरीची बाई कुठे दिसते?"

आजींच्या वकिलांनी बँकेवर दावा लावला. निष्काळजीपणा सिद्ध झाला आणि बँकेला सगळी रक्कम भरून द्यावी लागली. नवऱ्याला शिक्षा झाली. बायको माफीची साक्षीदार झाली आणि आजींच्याच घरी राहिली.

चोर सापडला की आपलं काम संपलं, असं मी तोवर मानत होतो. ज्याने नीट बघायला हवं होतं, त्यालाही जाब विचारायचा असतो. नाहीतर नुकसान एखाद्या गरिबाच्या गळ्यातून वसूल होतं. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

नंतर एकदा आजींना विचारलं, "तिला घरात ठेवायला भीती नाही वाटली?"

"भीती कसली, सार," त्या म्हणाल्या. "एकटीला घास उतरत नाही."