मीटरवरचा गणपती

तमाम नातेवाईक, मित्रमंडळी आणि समस्त शेवगावकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की आमच्या गाडीच्या मीटरवरचा गणपती काढण्यात आलेला आहे. कोणताही विधी झाला नाही. नखाने खरवडून काढला. त्याच्याखाली जे निघालं त्याने माझा माणसांवरचा, विशेषतः सासरच्या माणसांवरचा, विश्वास उडाला. आणि तो कसा उडाला हे सांगताना मला इतका आनंद होतो, की ही जखम लवकर भरू नये असंच वाटतं.

गाडी माझी आहे. जुनी आहे, पण रस्त्यात कधी रुसून बसली नाही. ती मी कुणाला देत नाही. बायकोचा धाकटा भाऊ पुणतांब्याला असतो. त्याचं लग्न ठरलं आणि पत्रिका वाटायला त्याने गाडी मागितली. मी नेहमीचं 'बघू' म्हणालो. बायको म्हणाली, "एकच भाऊ आहे मला." गाडी गेली.

परत आली तेव्हा मी गहिवरलो. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, जाताना तिच्यात साखर नाहीतर दोन लिंबं घालतात. मेहुण्याने ही रीत गाडीलाही लावली होती. डिकी पेरूंनी गच्च. डिझेलची टाकी काठोकाठ. काचा धुतलेल्या, आरशाला झेंडूची माळ आणि मीटरच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा चिकटवलेला गणपती. "दाजी, तुमच्या रक्षणाला," असं म्हणून तो पाया पडला. त्याच्या वरातीला हीच गाडी फुलांनी सजवून द्यायची, हे मी तिथल्या तिथे, पेरू खात, कबूल करून टाकलं.

नंतर एकदा मी म्हणालो, "गणपती जरा वर सरकवतो. कोपऱ्यात कोंबल्यासारखा वाटतो."

"देवाला असं सरकवतात का?" बायको एकदम कडाडली. "श्रद्धेनं लावलाय त्यानं. हात लावायचा नाही."

मी हात मागे घेतला. मग तिने सर्व्हिसिंगचा धोशा लावला. रोज चहाबरोबर, "अहो, गाडी एकदा दाखवून आणा ना." बायकोला गाडीची काळजी वाटायला लागली, म्हणजे संसार मुरला, असं मी समजलो. लग्नाच्या खरेदीसाठी नगरला निघायच्या सकाळी तर ती म्हणाली, "आपण एसटीनं जाऊ या का?" या बाईला एसटीत खिडकीशी बसूनसुद्धा मळमळतं! मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी असताना तू एसटीनं?" ती सीटवर बसून डोळे मिटून पुटपुटत राहिली. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय.

तिसगाव मागे पडलं, करंजी घाट चढायला लागलो आणि बॉनेटमधून टकटक सुरू झाली. आत कुणीतरी कोंडलंय आणि दार वाजवतंय, तशी. मीटरकडे पाहिलं तर गणपतीच्या कडेने लाल प्रभावळ उजळलेली. खोटं कशाला सांगू, आधी माझे हात जोडले गेले. मग डोकं चाललं. गाडी कडेला घेतली, नख घातलं, गणपती निघाला आणि त्याच्या जागी तेलाच्या किटलीचं चित्र लालभडक पेटलेलं दिसलं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो. इंजिनात तेल पोचत नाही, गाडी बंद कर आणि गप्प बस. इंजिन जाम झालं असतं, तर माझी गाडी थेट भंगारात.

एका टेम्पोवाल्याने दोर बांधून आम्हाला तिसगावच्या गॅरेजात ओढत आणलं. तिथला मिस्त्री ढेरपोट्या आणि मोठ्या आवाजाचा. त्याने तेल मोजायची कांडी ओढून पाहिली. जवळजवळ कोरडी. त्याने तेल ओतलं, गाडी क्षणभर चालू केली. दिवा तसाच.

"काय न्हाई, बटन गेलंय दिव्याचं," त्याने जाहीर केलं. बटण बदललं. दिवा तसाच. मग मात्र त्याचा आवाज खाली आला. तेलाच्या दाबाचं घड्याळ जोडलं, तर काटा जागचा हलेना. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच खदखदून हसला.

"शेठ, गाडीला आंघोळ घालताना साबन लई मुरवला का वो?"

इंजिनाच्या पोटाशी तेल साठवणारं चेंबर असतं. ते दगडावर आपटून चिरलं होतं, आणि त्या चिरेत कुणीतरी चिंधी कोंबून वर धुण्याचा साबण थापला होता.

"ट्रॅक्टरची डिझेल टाकी गळाया लागली, की असंच करत्यात रानात," मिस्त्री म्हणाला. "तिथं चालतं. हितं तेल तापतंय, साबन पाघळला, चिंधी आत गेली आन जाळीवर बसली. वर तेल चढंलच कसं?"

म्हणजे मेहुण्याने वाटी भरून पाठवली होती खरी, फक्त तळ फोडून. आणि दिवा लुकलुकायला लागल्यावर त्यावर देव बसवला होता!

चेंबर दुसरं बसवलं, जाळी धुतली, फिल्टर आणि तेल नवं. मिस्त्रीने चावी फिरवली. मी श्वास रोखून उभा. काटा थरथरला, वर चढला, दिवा विझला. टकटकही गेली. "वाचलं," मिस्त्री म्हणाला. "आजून थोडं ताणलं आस्तं तर खल्लास!"

गाडी वाचली आणि मला अवसान चढलं. "वरात आता बैलगाडीतून!" मी गर्जलो. "पाया पडून फसवलं मला!"

"येऊ दे त्याला समोर," बायकोही पदर खोचून म्हणाली. "चांगला झाडते. लाज नाही वाटली?"

मला भरून आलं. मी मिस्त्रीला म्हणालो, "सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात हे एवढं एकच माणूस माझं आहे बघा."

ते एकच माणूस कोपऱ्यातल्या टायरकडे फार लक्षपूर्वक पाहत होतं.

"लाव फोन त्याला," मी म्हणालो. "स्पीकरवर."

"आत्ता नको. रानात असेल तो."

"लाव."

तिने लावला. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि ऐकायला पुढे सरकला. तिने नुसतं 'हॅलो' म्हटलं, तोच पलीकडून माझा मेहुणा अख्ख्या गॅरेजाला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई, दाजींनी गनपती काढला का काय? तुला म्हनलं हुतं ना, हात लावू देऊ नको म्हनून!"