पश्चिमेची खिडकी

कातळाच्या सड्यावरच्या आमच्या जागेत घराची आखणी व्हायच्या आधीच यांनी आपली खिडकी मनात बांधून टाकली होती. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात जमतील तेवढे पसरले आणि म्हणाले, "एवढी. खाली जमिनीपास्नं वर छतापर्यंत नुसती काच. त्या बाजूला मला भिंत नकोच." समोर उतारावर माड होते, त्यांच्यापलीकडे समुद्र आणि जयगडकडे निघालेलं एक जहाज. मी म्हटलं, बरं.

यांची सगळी नोकरी मुंबईत एका कारखान्यात गेली. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले थोडे दिवस, एवढाच आमचा एकत्र संसार. बाकी वर्षभर मी इथे मासळीचा धंदा बघत होते आणि ते तिथे भाड्याच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागेल इतकी जवळ. भर दुपारी ट्यूब लावून जेवायचं. अशा माणसाने म्हातारपणी समुद्र मागितला तर तो त्याला मिळायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

अडचण आली ती नकाशाच्या वेळी. आमची इंजिनियर रत्नागिरीतच शिकलेली तरुण मुलगी. बोलायला गोड, पण एकदा नाही म्हणाली की नाही. तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं की नव्या घरांना आता ऊर्जेचे नियम आहेत. छतातून, भिंतींतून आणि काचेतून किती उष्णता घरात शिरेल याचा हिशोब नकाशाबरोबर द्यावा लागतो. घर तापलं की पंखा पुरत नाही, मग एसी येतो आणि विजेचा मीटर पळत सुटतो. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती निभावून जातील, पण स्लॅबवर उष्णता अडवणारा थर हवा. नमुना म्हणून तिने एक पांढरी, हलकी पाटी टेबलावर ठेवली.

मी त्या पाटीला नख लावून पाहिलं आणि मला हसू आलं. आमच्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीची सख्खी बहीण होती ती, फक्त जरा घट्ट अंगाची. हातखंब्याला हायवेवर गाडीत चढवायच्या पेट्या मी वर्षानुवर्षं भरल्या आहेत. खाली बर्फ, मध्ये मासळी, वर बर्फ आणि झाकणाला चिकटपट्टी. पेटी चांगली असेल तर मुंबईत उघडली तरी आत बर्फ शिल्लक असतो. मला हा नियम कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

"आपण काय सुरमई हाव, पेटीत ठेवायला?" हे म्हणाले. पण छताला त्यांची हरकत नव्हती.

मग ती मुलगी खिडकीवर आली. "काका, पश्चिमेला एवढी काच हिशोबात बसत नाही. दुपारनंतरचं सगळं ऊन थेट आत येईल. मी यावर सही नाही करू शकत."

यांचा चेहरा पडला. रात्री जेवताना म्हणाले, "खिडकी नाय तर मग तुज्या घरात मी करू काय? मुंबईची खोली अजून सोडलेली नाय मी. जातो आपला परत." ताटाकडे बघत म्हणाले, त्यामुळे मला ते जास्त लागलं. सगळा जन्म या माणसाची वाट बघितली आणि आता तो एका काचेपायी परत जाणार. मला राग आला, आणि रागाखाली भीतीही वाटली. इतकी वर्षं ज्याला एकटं जेवायची सवय झाली आहे, तो खरंच जाऊ शकतो.

वैशाखात जागेवर घराची आखणी झाली तेव्हा मी एक खुर्ची सड्यावर नेली आणि यांना काच हवी होती तिथे, पश्चिमेकडे तोंड करून ठेवली. दुपारी ऊन तिरकं झाल्यावर यांना म्हटलं, "बसा. ही तुमची खिडकी." तेही हट्टी. डोक्यावर पंचा घेऊन बसले. सडा खालून भाजत होता, ऊन तोंडावर येत होतं.

"वारा हाय की," ते म्हणाले.

"काच लागल्यावर वारा कुठला?"

त्यांनी पंचा कपाळावर पुढे ओढला. मग डोळे बारीक करून समुद्राकडे बघत हळूच म्हणाले, "मला ऊन नको गो. समुद्र तेवढा हवाय."

हे आधी का नाही सांगितलं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण हे त्यांना स्वतःलाही त्या खुर्चीतच कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या मुलीकडे गेले आणि म्हटलं, "समुद्र ठेव आणि ऊन काढ." तिने पेन्सिल घेतली. पश्चिमेला खोल पडवी, तिचं छप्पर उतरतं आणि चांगलं खाली आलेलं. काच बरीच कमी. मावळतीचं ऊन छपराखालून आत येईल, पण तोवर त्याचा जोर गेलेला असेल. हिशोब बसला. फक्त उभ्या माणसाला छपराची खालची बाजू दिसेल, दुसरं काही नाही. मग मी विचारलं, "खिडकी खाली आणली तर?" पूर्वी आपल्याकडे खिडक्या बसणाऱ्यासाठीच असायच्या की. ती म्हणाली, "काकी, बसल्यावर काकांचे डोळे किती उंचीवर येतात ते मला सांगा."

घरी येऊन मी लांब दांड्याचा खराटा घेतला आणि यांच्या खुर्चीभोवती झाडू लागले. एकदा खराटा उलटा धरून त्यांच्या डोळ्यांशी दांड्यावर बोट ठेवलं.

"केर काढतेस की मला मोजतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला मोजून काय मिळणार आहे," मी म्हटलं आणि बोट न हलवता आत गेले.

घर झालं. चाव्या मिळाल्या त्या दिवशी उतरत्या दुपारी दोन खुर्च्या आणि चहाचं सामान घेऊन आम्ही दोघंच गेलो. दार उघडलं तर आत गारवा. हे सरळ पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोर पडवीचं छप्पर. त्यांनी मान वाकवली, परत ताठ केली.

"समुद्र कुठं गेला?"

आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बसा."

ते बसले. मी चहा करायला आत गेले. हाक ऐकू येईना, कुरकुरही ऐकू येईना. चहा झाला तरी मी तशीच ओट्याशी उभी राहिले. खूप वेळाने हाक आली, "गो, ये लवकर. बुडतोय बघ. मुंबईच्या खोलीचं कायतरी करूया, सोडून टाकूया ती. पण आधी ये तू."

मी दुसरी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि बसले. छपराखालून पूर्ण समुद्र दिसत होता आणि लाल सूर्य पाण्याला टेकला होता. जन्म या समुद्राच्या काठावर काढला, त्याच्यावर पोट भरलं, पण सूर्य बुडताना मी कधी बसून बघितला नव्हता. रोज त्या वेळी माझे हात पेटीतल्या बर्फात असत.