मावसभावाची दलाली

माझा मावसभाऊ मला आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नात्यागोत्यात आजही लोक मला फार मोठ्या मनाचा समजतात, आणि ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. तो निंबोल्याचा. त्याच्या वडिलांची तिथे केळीची बाग. गावातली शाळा संपली, तेव्हा मावशीनं त्याला आमच्याकडे बुऱ्हाणपूरला ठेवला. आम्ही एका वर्गात. मी काही महिन्यांनीच मोठा, पण तो मला भाऊ म्हणायचा, आणि इतकं मनापासून म्हणायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आवडत नव्हता म्हणजे त्यानं माझं काही वाकडं केलं होतं असं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याचं सगळंच डोळ्यात खुपायचं. जेवायला बसलो की आई माझ्या ताटात पोळी टाकायची आणि पुढे सरकायची. त्याच्यापाशी थांबायची. "बाळा, अजून एक घेतो का?" असं विचारायची. मला कधी विचारलं नाही. दुसऱ्याचं पोर घरात आहे, त्याला विचारून वाढावं लागतं, एवढं मला कळत होतं. पण कळलं म्हणून पोटात दुखायचं थांबतं थोडंच.

वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. ते कचेरीत कारकून होते. संध्याकाळी टोपी खुंटीला लावली की ते त्याला हाक मारायचे आणि केळीच्या भावाचं, कापसाचं, रेल्वेच्या वॅगन आल्या की नाही याचं विचारायचे. तो मांडी घालून सांगत बसायचा. मी शेजारीच असायचो, हातात पुस्तक धरून. माझ्याशी बापू बोलले तर एवढंच, "कंदील पुस रे."

हायस्कुलात आम्ही दोघांनीही वाणिज्य घेतलं. शाळेत एक वाणिज्य मंडळ होतं. जिन्याखाली मंडळाचं छोटं दुकान होतं, त्यात शाई, टाक, निबा आणि वह्या ठेवायच्या, आणि पोरांनी पाळीपाळीनं विकायच्या. माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं म्हणून मी मंडळाचा चिटणीस झालो. मार्कही माझे जास्त होते. हे दोन्ही मी घरी बऱ्याचदा सांगायचो. तो म्हणायचा, "भाऊचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं." आता अशा माणसाला काय म्हणावं.

आमच्या मॅट्रिकच्या सुमाराला राज्यांच्या सीमा बदलल्या. तोवर बुऱ्हाणपूरच्या मराठी घरातला पोरगा शिकायला जायचा तर नागपूरला. माझे काका नागपूरला शिकले, आमचे वाणिज्याचे मास्तर नागपूरला शिकले. मग एकदम नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो. बापू कित्येक दिवस म्हणत होते, हे काही टिकत नाही, परत जोडतील. शाळेत सूचना आली, की सरकारी शिष्यवृत्ती हवी तर कॉलेज या राज्यातलंच पाहिजे. शाळेनं वाणिज्याच्या एकाच मुलाची शिफारस करायची. मुलाखत इंदूरला, हिंदीतून.

मास्तरांना इंदूरचं काही माहीत नव्हतं. पण माणूस जिद्दीचा. दिवाळीच्या सुट्टीत स्वतः इंदूरला जाऊन आले, तिथली कॉलेजं पाहिली, वसतिगृहं पाहिली, ओळख नसलेल्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन चहा प्यायले आणि सगळं विचारून घेतलं. परत आले ते मंडळाच्या पोरांचा दर रविवारी वर्ग सुरू करूनच. समितीपुढे कसं बसायचं, प्रश्न पुरा होऊ द्यायचा, येत नसेल तर येत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. "आणि नागपूरचं नाव काढू नका," असं ते दरवेळी सांगायचे, आणि सांगताना स्वतःच थोडे खिन्न व्हायचे. गावाबद्दल विचारतील, तर नुसते जुने दरवाजे आणि मशिदी सांगत बसू नका म्हणायचे. माग कसे चालतात, सूत कुठून येतं, केळी कुठे जाते, हे सांगा. वाणिज्य घेतलंय ना तुम्ही.

मला ती शिष्यवृत्ती पाहिजे होती. बापूंनी एकदा नदीवरच्या राजघाटावरून परत येताना मला एकट्याला सांगितलं होतं, शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नाही तर माझ्या कचेरीत साहेबांशी बोलून ठेवलंय. माझ्या पाठीवर धाकटी भावंडं होती, त्यामुळे त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण मला कचेरी नको होती. मला इंदूर पाहिजे होतं. कॉलेज पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर वसतिगृहातली एक खोली पाहिजे होती, जिथे मावसभाऊ नाही. हे मी घरात कोणाला बोललो नाही. आमच्याकडे इच्छा बोलून दाखवायची पद्धत नव्हती. पाहुण्यांपुढे बापू म्हणायचे, "हा काय, माझ्या कचेरीत चिकटेल," आणि मी मान खाली घालून सुपारी कातरत बसायचो.

मनातल्या मनात मी हिशेब मांडला होता. बाकीच्या पोरांना मी धरतच नव्हतो. कोणाला बापाच्या दुकानावर बसायचं होतं, कोणाचे माग होते. राहिलो आम्ही दोघं. मग मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. तो काय वाचतो, कोणाशी बोलतो, दुकानावर गिऱ्हाईक आलं की काय करतो, सगळं. परीक्षेत तो पेपर शेवटपर्यंत धरून बसायचा, ते का, हे बघायला मी मान वाकडी करून बघायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक विणकर राहायचा, त्याच्या ओट्यावर बसून हा त्याला हिंदी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि चुकला की त्यालाच विचारायचा. एका वर्षात पठ्ठ्याची हिंदी अशी झाली की ऐकून माझं दातओठ खाणं चालू.

मग एका रविवारी मास्तर म्हणाले, "आज दलाली करायची."

आम्हाला समजेना. मास्तर म्हणाले, "बाजारात दलाल काय करतो? दुसऱ्याचा माल विकतो. स्वतःच्या मालाची तारीफ कोणीही करेल. समितीसमोर तुम्ही स्वतःबद्दल बोलायला लागलात की एक तर फुगता, नाही तर लाजता. म्हणून आज प्रत्येकानं दुसऱ्याबद्दल बोलायचं. यालाच शिष्यवृत्ती का द्यावी, ते पटवून द्या. खोटं बोललात तर मी मध्येच थांबवीन." त्या दिवशी समिती खरी वाटावी म्हणून हेडमास्तर स्वतः येऊन मागच्या खुर्चीत बसले होते. मास्तरांनी जोड्या लावल्या. मला कोण आला असेल, ते सांगायची गरज नाही.

पहिला नंबर माझा. मी उभा राहिलो आणि झटकन विचार केला. मी याचं जेवढं चांगलं बोलेन, तेवढं त्याला माझं बोलावं लागेल. तो भिडस्त आहे, घेतलेलं परत केल्याशिवाय राहायचा नाही. आणि माझ्याबद्दल बोलण्यासारखं तर किती होतं. शिवाय वाणिज्य मंडळाचा चिटणीस हेडमास्तरांसमोर अडखळला, हे मला परवडलं नसतं.

तर मी बोललो. सुरुवात केली आणि मग थांबता येईना. मी सांगितलं, की वर्गात समजलं नाही तर हा सगळ्यांसमोर समजलं नाही म्हणतो, आणि मास्तर पुन्हा सांगतात तेव्हा अर्ध्या वर्गाला समजतं. गणित सुटलं की हा उत्तरापासून उलटा मागे जातो आणि मगच पेपर देतो. खंडव्याहून शाईच्या बाटल्या फुटून आल्या, तेव्हा आम्ही तावातावानं पत्र लिहायला बसलो होतो. यानं एका ओळीत लिहिलं, की बाटल्या भुशाऐवजी केळीच्या वाळल्या पानात बांधा, आमच्याकडे तसंच करतात. व्यापाऱ्यानं न मागता नव्या बाटल्या पाठवल्या. निंबोल्यात एकेकट्याची केळी वॅगन भरण्याएवढी होत नाही, म्हणून माल पडून राहायचा. यानं सुट्टीत घरोघर जाऊन कोणाची बाग कधी तयार होते ते विचारलं, आणि सगळ्यांनी मिळून एक वॅगन भरायला लावली. हे त्यानं शाळेत कोणाला सांगितलेलं नाही. आईला जेवताना सांगत होता, ते मी ऐकलं.

विणकराचा ओटाही सांगितला. काहीच सोडलं नाही. इतक्या दिवसांचं पोटात साचलेलं, ते भडाभडा बाहेर पडलं. मास्तरांनी मला एकदाही थांबवलं नाही. हेडमास्तर पुढे वाकून ऐकत होते. खाली बसलो तेव्हा माझे कान गरम झाले होते, आणि खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होतो.

मग तो उठला. पायजम्याला हात पुसले. माझ्याकडे बघून हसला.

"भाऊ चांगला आहे," तो म्हणाला. मग थांबला. "त्याचं अक्षर चांगलं आहे. अभ्यास करतो. मी त्याच्या घरी राहतो." पुन्हा थांबला. मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो, बोल रे, बोल काहीतरी. "त्याची आई फार चांगली आहे," तो म्हणाला. "म्हणजे माझी मावशी. मला कधी परकं वाटू दिलं नाही."

पोरं हसली. मास्तर पण हसले. तो लाजून खाली बसला.

हेडमास्तर उठले आणि मास्तरांना म्हणाले, "आता वेगळी निवड कशाला करायची? हा जे बोलला तेच शिफारशीत लिहा." मास्तरांनी माझ्याच बोलण्याचं हिंदी करून दिलं. आणि सुवाच्य अक्षरात उतरवायला दिलं कोणाला, तर चिटणीसाला. मी उतरवलं. एक डाग पडू दिला नाही. पाडला असता तर पुन्हा लिहायला लागलं असतं, तेही मलाच.

त्याला शिष्यवृत्ती मिळाली. इंदूरच्या समितीनं म्हणे शाईच्या बाटल्यांचं विचारलं आणि वॅगनचं विचारलं, बाकी काही फारसं विचारलंच नाही. घरी आईनं मावा जिलेबी आणवली. बापू मला म्हणाले, "शाबास, भावासाठी भाऊ असा पाहिजे." आणि पुढच्या सोमवारी मला कचेरीत घेऊन गेले.

तो निघाला त्या दिवशी स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. टांग्यात त्याची ट्रंक माझ्या मांडीवर होती, कारण पायाशी आईनं दिलेला फराळाचा डबा होता. खंडव्याची गाडी उशिरा होती. मालधक्क्यावर केळीची वॅगन भरत होती, त्याकडे बघत आम्ही बाकावर बसलो.

"भाऊ, एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी तू माझं एवढं सगळं बोलला. मला पण माहीत नव्हतं मी असं करतो ते. तू पाहिलं कधी?"

"एका घरात राहतो ना आपण," मी म्हणालो.

"मी पण त्याच घरात राहतो," तो म्हणाला आणि हसला. "मला तर काही सुचलंच नाही यार. मावशीच आठवली." मग जरा वेळानं म्हणाला, "पण तुला कुठं जायचं होतं. बापू तर पहिल्यापासून सांगू राह्यले होते, तू कचेरीत लागणार म्हणून. नाही तर मी उठायच्या आधी हळूच तुलाच विचारून घेतलं असतं, काय काय बोलू ते. तेच बोललो असतो." आणि माझ्याकडे बघितलं. "नव्हतं ना जायचं?"

खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो. हा खरंच विचारत होता. इतकी वर्षं मी त्याच्या ताटातल्या पोळ्या मोजल्या, त्याचे पेपर बघितले, त्याची हिंदी ऐकली, आणि त्यानं माझ्याकडे एकदाही तसं बघितलं नव्हतं. हेवा दूरच. माझ्याकडे हेवा करण्यासारखं काही असेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"छे, मला कशाला," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.

गाडी आली. मी ट्रंक चढवली. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला आणि म्हणाला, "मावशीकडे बघ." मी बघतो म्हणालो.

घरी आलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. पाट मांडले होते, त्याचाही सवयीनं मांडला होता. मी माझ्या पाटावर बसलो. आई पोळ्या वाढत आली आणि माझ्यापाशी थांबली. "बाळा, अजून एक घेतो का?" असं म्हणाली. मी वर बघितलं. मग समोर कोण बसलंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं न विचारताच पोळी माझ्या ताटात टाकली.